कोळसा, बांध आणि रोजचा हिशोब

22 एप्रिल 2025, सोल

चोग्येसा हे कोरियन बौद्धांच्या सर्वात मोठ्या पंथाचं मुख्य मंदिर. इथली बुद्धजयंती यंदा 5 मे रोजी आहे, त्यामुळे सगळं अंगण रंगीत कंदिलांनी झाकून गेलंय. माणसं माना वर करून फोटो काढताहेत. मी मात्र आले होते ती मुख्य सभागृहाचे खांब बघायला. ही लाकडी इमारत मुळात या मंदिराची नाहीच. ती उभी राहिली दक्षिणेकडे, चोंगउप भागात, 1920 च्या दशकात. बांधणारा होता पोचॉनग्यो नावाचा एक नवा धर्म. साठ लाख अनुयायी असल्याचा त्यांचा दावा होता. आकडा फुगवलेला असणारच. पण हे खांब पाहिल्यावर पैसा किती जमत होता याबद्दल शंका उरत नाही. धर्मप्रमुख छा ग्योंग-सोक 1936 मध्ये वारला, जपानी सरकारने संघटना मोडून काढली, मालमत्तेचा लिलाव झाला आणि हे सभागृह सुटं करून सोलला आणलं गेलं.

पोचॉनग्यो भरात येत होता त्याच सुमारास, चोंगउपहून फार लांब नसलेल्या समुद्रकाठच्या एका खेड्यात, जेमतेम पंचविशीतल्या एका माणसाने नऊ जणांना घेऊन आणखी एक धर्म सुरू केला. त्याच्याकडे खांब नव्हते. तो धर्म आजही चालू आहे: वोनबुलग्यो, म्हणजे वोन बौद्ध धर्म. त्याच्याच मागावर उद्यापासून निघायचं आहे.

कोरियातला नवा धर्म म्हटलं की आपल्या वाचकाला मून यांचं युनिफिकेशन चर्च आणि मैदानात एका वेळी लागणारी हजारो लग्नं आठवतात, नाहीतर 2020 मध्ये तेगू शहरातल्या करोनाच्या बातम्यांत आलेलं शिनचॉनजी. वोन बौद्धांच्या बातम्या सहसा होत नाहीत. मला तेच कुतूहलाचं वाटलं.

23 एप्रिल, इक्सानच्या वाटेवर

योंगसानहून सुटलेली जलदगाडी सव्वा-दीड तासात इक्सानला पोचवते. उत्तर चोल्ला प्रांत लागला की डोंगर मागे हटतात आणि सपाट भातखाचरं सुरू होतात. कोरियाचं भाताचं कोठार हेच. आणि बंडाचंही.

1860 मध्ये चे जे-उ या माणसाने तोंगहाक, म्हणजे ‘पूर्वेची विद्या’, नावाचा पंथ काढला. माणूस आणि आभाळ वेगळे नाहीत, असं तो सांगायचा. 1864 मध्ये सरकारने त्याला मारलं. तीस वर्षांनी, 1894 मध्ये, याच सपाटीवरच्या कोबू गावात शेतकरी उठले. निमित्त अगदी आपल्या ओळखीचं: तिथल्या अंमलदाराने लोकांकडून वेठीने बंधारा बांधून घेतला आणि मग त्याच पाण्यावर पट्टी लावली. तोंगहाकच्या झेंड्याखाली हे बंड पसरलं आणि राजाचं सैन्य व जपानी फौज यांनी मिळून ते चिरडलं. नंतर याच भागात कांग जुंगसान आला, जग नव्याने उघडणार आहे असं सांगत. 1909 मध्ये तो गेल्यावर त्याच्या शिष्यांचे अनेक पंथ झाले. त्यांतलाच एक पोचॉनग्यो. 1910 मध्ये जपानने देशच गिळला.

म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चोल्लातल्या शेतकऱ्याकडे जमीन नव्हती, राज्य नव्हतं, पण तारणहार भरपूर होते. आज ना उद्या जग पालटेल, आपण मंत्र म्हणत त्या दिवसाची वाट पाहू, हा तिथला धर्म होता. हे डोक्यात ठेवल्याशिवाय पुढच्या गोष्टीतली गंमत कळत नाही.

24 एप्रिल, इक्सान

वोन बौद्धांचं मुख्यालय वोनग्वांग विद्यापीठासमोर आहे. विद्यापीठही त्यांचंच. आत देवळाची कळा नाही. जुनी बैठी घरं, पाइनची झाडं, झाडलेल्या वाटा. सभागृहात मूर्ती नाही. भिंतीवर नुसतं एक वर्तुळ. त्याला इल्वोनसांग म्हणतात. बुद्धाच्या देहाची प्रतिमा न ठेवता त्याच्या मनाची खूण ठेवायची, अशी त्यामागची भूमिका.

माझी भाची चोंजूला शिकते. दुभाषी म्हणून ती सोबत आहे. वर्तुळाकडे बघत म्हणाली, “मावशी, इथे नमस्कार नेमका कुठे करायचा?” आम्हाला घर दाखवणाऱ्या ग्योमूबाई (इथे धर्मसेवकाला ग्योमू म्हणतात) हसल्या आणि त्यांनी आमच्या दोघींकडे पाहून कमरेत वाकून नमस्कार केला. उत्तर मिळालं असं आम्ही धरून चाललो.

हे मुख्यालय उभं राहिलं ते 1924 मध्ये. तेव्हा गावाचं नाव इरी. रेल्वेचं जंक्शन, आजूबाजूला जपानी जमीनदारांची शेतं. संस्थेचं पहिलं नाव ‘बुद्धधर्म अभ्यास मंडळ’. धर्म नव्हे, पंथ नव्हे, अभ्यास मंडळ! जपानी राजवटीत बौद्ध, ख्रिस्ती आणि शिंतो एवढेच ‘धर्म’ मानले जात आणि ते शिक्षण खात्याकडे असत. बाकी सगळे ‘धर्मसदृश संघटना’ म्हणून पोलिसांकडे. त्या काळात असलं साधं, शाळकरी नाव घेण्यात शहाणपण होतं असं मला वाटतं. पोलिसांची नजर तरी चुकली नाही. 1936 मध्ये आवारातच चौकी बसवली आणि एका कोरियन शिपायाला पाळत ठेवायला पाठवलं. त्याने सगळं जवळून पाहिलं आणि शेवटी तो स्वतःच शिष्य झाला. वोन बौद्ध ही गोष्ट फार आवडीने सांगतात. सांगणारच.

सुरुवातीला इथल्या लोकांकडे पोट भरायचंही साधन नव्हतं. मग त्यांनी चिकी-गुळासारखा ‘योत’ नावाचा धान्याचा गोड पदार्थ बनवून विकला, कुळाने जमीन कसली, पुढे फळबाग केली, कोंबड्या पाळल्या. 1934 मध्ये बोह्वादांग नावाचं वनौषधींचं दुकान काढलं. दिवसा काम, रात्री प्रवचन आणि चर्चा. हिवाळ्या-उन्हाळ्यात ध्यानशिबिरं. भिक्षा मागायची नाही, हा नियम.

24 एप्रिल, रात्री

दुपारी पाहिलेली एक वस्तू सारखी डोळ्यांपुढे येतेय, म्हणून पुन्हा वही उघडली.

या धर्मात रोजनिशी लिहिणं ही साधना आहे. मला वाटलं होतं ‘आज मन शांत होतं’ छापाचं काहीतरी असेल. तसं नाही. रोजच्या नोंदीत आज किती वेळा भान ठेवून वागलो आणि किती वेळा भान सुटलं याचा आकडा मांडायचा. किती तास अभ्यास केला तो मांडायचा. तीस नियम आहेत, दहा-दहाच्या तीन पायऱ्यांत. त्यांतला कोणता मोडला ते लिहायचं. शिबिरातली रोजनिशी याहून सविस्तर: कामाचे तास, हातून घडलेल्या गोष्टी, सुचलेले विचार, आणि त्याच पानावर दिवसाची जमा आणि खर्च. पैशाचा हिशोब आणि मनाचा हिशोब एकाच वहीत.

आणि ज्यांना लिहिता येत नाही? त्या काळी खेड्यातल्या बहुतेकांना येत नसे. त्यांच्यासाठी दाणे. भान ठेवून एखादी गोष्ट केली की एक पांढरा दाणा, भान सुटलं की एक काळा. रात्री मोजायचे.

चोल्लाच्या त्या निरक्षर बाईचा मी विचार करतेय. तिच्या आजूबाजूचे सगळे पंथ तिला सांगताहेत की जगाचा शेवट जवळ आला, ताईत बांध, मंत्र म्हण. आणि एक जण सांगतोय, दाणे मोज.

26 एप्रिल, योंगग्वांग

बसने दक्षिणेला आलो. वाटेत हिरवीगार जवाची शेतं. योंगग्वांग तालुका खारवून वाळवलेल्या पिवळ्या क्रोकर माशांसाठी सगळ्या कोरियात प्रसिद्ध. बोपसोंगपो बंदरात दुकानादुकानांत माशांच्या जुड्या टांगलेल्या. याच बंदरात 384 मध्ये मालानांता नावाचा भारतीय भिक्षू चीनमार्गे उतरला आणि पॅकचे राज्यात बौद्ध धर्म पोचला, अशी परंपरा आहे. आता तिथे गांधार शैलीतलं मोठं स्मारक आहे. दुपारी पत्थराच्या बुद्धांपेक्षा माशांच्या दुकानांत गर्दी जास्त होती, हेही नोंदवते.

तिथून जवळच पॅक्सू भागात किल्योंग-री. डोंगरांच्या कुशीत खाडीचं एक बोट आत शिरलेलं. इथे 5 मे 1891 रोजी पाक चुंग-बिनचा जन्म झाला. पुढे तो सोतेसान या नावाने ओळखला गेला. शेतकऱ्याचा मुलगा. आभाळ निळं का, वारा कुठून येतो, असले प्रश्न लहानपणापासून. अकराव्या वर्षापासून काही वर्षं डोंगरावर जाऊन पर्वतदेवाची विनवणी केली, देव काही भेटला नाही. मग गुरू शोधत हिंडला, तोही भेटला नाही. विशीत बाप गेला, घरावर कर्ज. शेवटी शेवटी तो नुसता बसून राहायचा. अंगावर फोड आले होते, गावाने आशा सोडली होती. 28 एप्रिल 1916 च्या पहाटे त्याला उमगलं. काय उमगलं ते त्याच्या अनुयायांच्या पुस्तकांत आहे. मला लक्षात राहिलं ते त्यानंतरचं: त्याने इकडचे तिकडचे धर्मग्रंथ मागवून वाचले आणि वज्रच्छेदिका सूत्र वाचून म्हणाला की आपल्या आधी हे शाक्यमुनीला कळलेलं आहे, तोच आपला मूळ गुरू. त्या काळच्या चोल्लात, जिथे जो तो स्वतःलाच शेवटचा अवतार म्हणवत होता, तिथे कोणीतरी मागच्याला श्रेय दिलं!

27 एप्रिल, किल्योंग-री

बांधावर चालत गेलो. आज तो गवताने झाकलेला साधा मातीचा बांध आहे, पलीकडे भातखाचरं. माहिती नसेल तर पाहुणा न थांबता पुढे जाईल.

धर्म स्थापन करणाऱ्या माणसाने पहिल्यांदा काय करावं? देऊळ बांधावं, ग्रंथ सांगावा, चमत्कार दाखवावा. सोतेसानने 1917 मध्ये बचत मंडळ काढलं. दारू-तंबाखू बंद, त्याचे पैसे मंडळात. कपडे-जेवणातली काटकसर मंडळात. सणासुदीच्या सुट्टीत जास्तीचं काम, त्याची मजुरी मंडळात. आणि घरच्या बायकांनी प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी चमचाभर तांदूळ बाजूला काढायचा. आपल्याकडे याला मुष्टिफंड म्हणतात. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयतमधल्या मुलांची जेवणं या मुठीवर झाली. रयत शिक्षण संस्था काले गावात निघाली 1919 मध्ये. इथला बांध पुरा झाला त्याच वर्षी. दोन खेड्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. तरी लिहून ठेवते.

साठलेल्या पैशात सोतेसानने स्वतःची घरगुती चीजवस्तू विकून आलेले आणि वर उसने घेतलेले पैसे घातले, आणि सगळ्याचा कोळसा घेतला. लाकडी कोळसा. शिष्य चक्रावले असणार. युरोपात पहिलं महायुद्ध चालू होतं, कोळशाचे भाव चढले आणि मंडळाने तो विकून चांगला नफा काढला. या धर्माचा इतिहास सांगणारे हा भाग लपवत नाहीत, हे मला आवडलं. साठेबाजी म्हणावी का? आजच्या भाषेत थोडी म्हणता येईल. पण नफा कुणाच्या घरी गेला नाही.

तो पैसा त्यांनी 1918 मध्ये समुद्रात घातला. खाडीच्या भरती-ओहोटीची चिखलजमीन बांध घालून अडवायची आणि तिची शेतं करायची. यंत्र नाही. पाठीवरच्या लाकडी चौकटीतून माती आणि दगड वाहायचे. थंडीत चिखलात उभं राहायचं. गावातले लोक हसायचे. वर्षभर काम चाललं. एका श्रीमंत माणसाने जमीन वर येतेय असं पाहून परवान्यासाठी स्वतःचा अर्ज टाकला, भांडण लागलं. सोतेसान शिष्यांना म्हणाला, जमीन त्याच्या हातात गेली तरी शेवटी कुणाच्या तरी पोटातच धान्य जाईल, तुम्ही काम करा. 1919 च्या वसंतात सुमारे 26 हजार प्योंग, म्हणजे जवळपास 21 एकर जमीन वर आली. मीठ धुऊन निघायला पुढे आणखी वर्षं गेली.

याच वसंतात, 1 मार्च 1919 रोजी, सोलमध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला आणि देशभर ‘मानसे’, म्हणजे ‘चिरायू होवो’, अशा आरोळ्या उठल्या. शिष्यांनी विचारलं, आपण काय करायचं? सोतेसानचं म्हणणं असं की ही आरोळी नव्या युगाला हाक आहे, म्हणून बांध लवकर उरका आणि प्रार्थनेला बसा. मला हे उत्तर पटत नाही. गोळ्या झेलणाऱ्या लोकांसमोर ‘आधी बांध’ म्हणणं सोपं नाही, आणि योग्यही वाटत नाही. पण कितीतरी माणसं मेलेल्या त्या चळवळीनंतर हे नऊ जण जिवंत राहिले आणि एक संस्था मागे उरली, हेही खरं. याचा निकाल मी लावू शकत नाही.

त्या उन्हाळ्यात नऊ शिष्य नऊ डोंगरशिखरांवर जाऊन प्रार्थना करत. 21 ऑगस्टला, सगळ्यांसाठी प्राण द्यायची त्यांची तयारी झाली; मेलो तरी खंत नाही अशा अर्थाच्या मजकुराखाली प्रत्येकाने कोरड्या अंगठ्याचा ठसा उमटवला. कागदावर रक्ताचे ठसे दिसले, असं परंपरा सांगते. सोतेसानने तो कागद जाळला, तुमचं जुनं आयुष्य संपलं म्हणाला आणि सगळ्यांना नवी नावं दिली. कुणी मेलं नाही. एवढा एकच चमत्कार या धर्माच्या सुरुवातीला आहे. आणि आदल्या वर्षी चिखल वाहिलेल्या अंगठ्यांचा आहे.

इथल्या ग्योमूबाईंनी संध्याकाळी मोसी नावाच्या झाडाचा पाला घातलेल्या तांदळाच्या हिरव्या मुटक्या खाऊ घातल्या. डोंगराच्या पलीकडे हानबित अणुवीज केंद्र आहे, सहा अणुभट्ट्यांचं. त्याविरुद्ध वोन बौद्ध 2012 पासून दर सोमवारी पदयात्रा काढताहेत. जैतापूरच्या गोष्टी मी त्यांना सांगितल्या.

28 एप्रिल, किल्योंग-री

आज त्यांचा मोठा सण, बोधीचा दिवस. त्यांचा शक 1916 पासून सुरू होतो, म्हणून त्यांच्या लेखी हे 110 वं वर्ष. गाणी, भाषणं, जेवण. भाषणं लांबली. भाषणं सगळीकडे लांबतात.

30 एप्रिल, ब्योनसान

बांध झाल्यावर सोतेसान या डोंगराळ, समुद्राला लागून असलेल्या भागात येऊन राहिला आणि 1924 पर्यंत मुख्यतः इथेच होता. जंगल, धबधबे, जुनी बौद्ध मंदिरं. जी गोष्ट वोन बौद्ध सर्वांत जास्त सांगतात ती इथली.

एक म्हातारं जोडपं सिल्सांगसा मंदिराकडे चाललं होतं. वाटेत सोतेसान भेटला. कुठे निघालात? सून फार वाईट वागवते, म्हणून बुद्धाला नैवेद्य दाखवून नवस करायला. तो म्हणाला, मंदिरातल्या बुद्धाला नैवेद्य दाखवता, मग घरात जिवंत बुद्ध आहे त्याला का नाही? तुम्हाला सुख किंवा दुःख देण्याची ताकद सुनेकडे आहे, मग पूजा तिचीच करा. नैवेद्याच्या पैशात तिला आवडणारं काहीतरी आणा, तिच्याशी बुद्धाशी वागावं तसं वागा. म्हातारा-म्हातारीने तसं केलं, काही महिन्यांत घर बदललं.

मी भाचीला म्हटलं, यात सुनेची बाजू कुणी विचारली नाही. ती म्हणाली, “मावशी, निदान तिला वाण तरी मिळालं.” आम्ही हसलो. पण गोष्टीमागचा विचार मजबूत आहे. आपण ज्यांच्या ऋणात आहोत त्यांची वोन बौद्धांनी चार भागांत विभागणी केली आहे: आभाळ आणि पृथ्वी, आईबाप, सहजीव आणि न्याय-नियम. यांपैकी कुणाशिवायही आपण जगू शकलो नसतो, म्हणून पूजा त्यांची, आणि पूजा म्हणजे व्यवहार.

1935 मध्ये सोतेसानचं एक पुस्तक निघालं, कोरियन बौद्ध धर्माच्या नूतनीकरणाविषयी. त्याचा रोख असा: बौद्ध धर्म डोंगरातल्या भिक्षूंपुरता उरला आहे, ग्रंथ चिनी लिपीत अडकले आहेत, भिक्षू दानावर जगतात. तो गावात, सोप्या भाषेत, संसारी माणसाच्या कामात आला पाहिजे. मराठी वाचकाला इथे 1956 चं नागपूर आठवणारच. बाबासाहेबांनीही निष्क्रिय भिक्षुसंघावर कडक टीका केली आणि धम्म संसारी माणसाच्या हाती दिला. फरक मोठा आहे: नागपूरला जातीविरुद्धचं बंड होतं, लाखो माणसांनी एका दिवशी दीक्षा घेतली. इथे नऊ माणसं, बचत मंडळ, हळू वाढ. बाबासाहेब कोलंबोला गेले, रंगूनला गेले, काठमांडूला गेले. कोरियाशी त्यांची गाठ पडली नाही. सोतेसान तर 1943 मध्येच गेला. तरी आशियाच्या दोन टोकांना, वीस वर्षांच्या अंतराने, त्याच धर्माला जवळजवळ तीच प्रश्नपत्रिका मिळाली होती.

2 मे, सोंगजू

देशाच्या पूर्वेकडे, सोसोंग-री. सोतेसानचा वारस सोंग ग्यू (धर्मनाम चोंगसान) याचा जन्म इथला. 1918 मध्ये अठराव्या वर्षी तो किल्योंग-रीला आला आणि नऊ जणांतला सर्वांत लहान झाला. 1943 मध्ये त्याच्याकडे धुरा आली. सोतेसानला मुलगा होता. तो पुढे वोनग्वांग विद्यापीठाचा प्रमुख झाला, पण गादी त्याच्याकडे गेली नाही. या एका गोष्टीने कितीतरी भानगडी टळल्या असतील. नव्या धर्मांत बापाचं राज्य मुलाला आणि मग भावंडांची न्यायालयं, हे कोरियात काय, आपल्याकडे काय, सगळ्यांना पाठ आहे.

1945 मध्ये देश सुटला तेव्हा मांचुरियाहून, जपानहून परतणाऱ्या हजारो माणसांसाठी या संस्थेने सोल, इरी, चोंजू, पुसान इथे अन्नछत्रं उघडली. 1946 मध्ये शाळा काढली, तिचंच पुढे विद्यापीठ झालं. 1947 पासून ‘वोन बौद्ध’ हे नाव. नंतरचा विस्तार मी झपाट्याने सांगते: दवाखाने, वृद्धाश्रम, शाळा, 2006 मध्ये सैन्यात धर्मगुरू नेमण्याची मान्यता, अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात पदव्युत्तर संस्था. आणि लडाखमध्येही: पाक चोंग-सू या ग्योमूबाईंनी 1990 च्या दशकापासून लेहच्या महाबोधी संस्थेला शाळा आणि रुग्णालय उभं करायला मदत केली.

सोसोंग-री आज वेगळ्याच कारणाने प्रसिद्ध आहे. 2016 मध्ये इथल्या गोल्फ मैदानावर अमेरिकी थाड क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा बसवायचं ठरलं. चोंगसानच्या जन्मस्थानाची वाट तिथूनच जाते. मार्च 2017 मध्ये वोन बौद्ध ग्योमू आणि गावातल्या आज्या रस्त्यात बसल्या. पोलिसांनी उचललं, पुन्हा बसल्या. एप्रिलमध्ये यंत्रणा आली, सप्टेंबरमध्ये उरलेली आली. 1919 मध्ये ‘आधी बांध’ म्हणणाऱ्यांची नातवंडं शंभर वर्षांनी रस्त्यात बसली होती. यंत्रणा अजून आहे.

4 मे, सोल

उद्या परत. आज आकडे तपासले. 2005 च्या जनगणनेत स्वतःला वोन बौद्ध म्हणवणारे सुमारे 1 लाख 30 हजार. 2015 मध्ये सुमारे 84 हजार. म्हणजे घट. तरीही राष्ट्रपतीच्या राष्ट्रीय अंत्यविधीत बौद्ध, प्रोटेस्टंट, कॅथलिक यांच्याबरोबर चौथा विधी यांचा असतो. सॅमसंगचे ली कुन-ही 2020 मध्ये वारले तेव्हाही वोन बौद्धांनी त्यांच्यासाठी विधी केले. चमचाभर तांदळावर सुरू झालेल्या संस्थेत देशातला सर्वांत श्रीमंत माणूस. यावर इथे कुणी फार बोलत नाही.

मला बोलायचंय ते बायकांबद्दल. सुरुवातीच्या काळात समाजसुधारणेच्या चार कलमांतलं पहिलं कलम स्त्री-पुरुषांचे हक्क समान असण्याचं होतं; नंतर ते ‘स्वावलंबन वाढवणं’ असं झालं. विधवा, सोडलेल्या, शिकायची हौस असलेल्या बायका इरीला आल्या. त्यांनी योत बनवला, शेती केली, गावोगाव देवळं काढली. पांढरी चोळी, काळा घागरा, मागे अंबाडा: 1920 च्या दशकात हा शाळेत जाणाऱ्या नव्या मुलीचा पोशाख होता. तोच ग्योमूबाईंचा गणवेश झाला आणि शंभर वर्षं तसाच राहिला. पुरुष ग्योमूला लग्न करता येई. बाईने मात्र प्रशिक्षणाआधीच अविवाहित राहण्याचं लिहून द्यायचं. या धर्माची निम्म्याहून अधिक मेहनत याच बायकांची आहे. कोरियातल्या तरुण मुली येईनाशा झाल्या तेव्हा कुठे, 2019 मध्ये, ही अट काढली.

काल आम्हाला भेटलेल्या साठीच्या ग्योमूबाईंना भाचीने विचारलं, अट नसती तर? त्या म्हणाल्या, “मी तरी हेच निवडलं असतं. पण निवडलं असतं.”

वोन बौद्धांच्या सर्वोच्च मंडळात पुरुषांच्या नऊ आणि बायकांच्या नऊ जागा आहेत. संस्थापकापासून आजवर धर्मप्रमुख सात झाले. सातही पुरुष.